पोथीतला चैत्र आणि वावरातला चैत्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या ताईंना ‘आपला चैत्र’ या विषयावर मुलांकडून भित्तीपत्रक करून घ्यायचे आहे. मुलांनी मोबाइलवरून माहिती आणली, तर सगळ्यांच्या वह्यांत एकच मजकूर: वसंताची चाहूल, कोकिळेचे कूजन, ब्रह्मदेवाने सृष्टी केली तो दिवस, विजयाची गुढी. ताई विचारतात, यातले धरायचे काय आणि सोडायचे काय? पाडव्याची तारीख दर वर्षी का सरकते? गुढी कधीपासूनची? यात विदर्भाचे असे काही आहे की नाही? शिवाय एका मुलाने ‘गुढी संभाजीराजांच्या वधानंतर सुरू झाली’ असे लिहून आणले आहे, त्याला काय सांगायचे?

मी वाशीम जिल्ह्यातला. ग्रामजोशीपण घरात पिढ्यांपासून, त्यामुळे पाडव्याला मारुतीच्या पारावर पंचांग वाचणे माझ्याकडे असते आणि उरलेले वर्ष वावरात जाते. दोन्हीकडचे थोडे थोडे ठाऊक आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, आधी त्या वसंताचे बघू. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू हे पंचांगात आहेच. या दोन महिन्यांची वेदातली नावे मधू आणि माधव. पण आपल्या शिवारात पळस फुलतो तो माघ सरता सरता आणि फाल्गुनात. होळीचा रंग त्याच फुलांचा. काटेसावरही त्याच सुमारास लालेलाल होते. पाडव्याला पळसाखाली वाळक्या फुलांचा चुरा असतो आणि फांदीवर चपट्या शेंगा. दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, ढोरं निंबाच्या सावलीला उभी. अशा हवेत मुलांनी ‘आल्हाददायक वारे वाहू लागतात’ असे लिहिले, तर ते पुस्तकातून आले हे पाहणाऱ्याला लगेच कळेल.

आणि हे नुसते माझे म्हणणे नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. तिथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटावर जी तारीख कोरली आहे ती अशी: राज्यवर्ष ३७, हेमंताचा पहिला पक्ष, दिवस चौथा. चौथ्या शतकातला हा लेख. त्यात शकाचे वर्ष नाही, महिन्याचे नावही नाही. ऋतू आणि पंधरवडा सांगितला की काम भागले. सातवाहनांच्या लेखांतही हीच रीत दिसते. वर्षाचे तीन तुकडे, ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत, प्रत्येकी चार महिन्यांचे, म्हणजे आठ-आठ पंधरवड्यांचे. या हिशेबात वसंताला वेगळी जागाच नव्हती. चैत्र लागला की ग्रीष्म लागला. गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला ऋतू किती म्हणून विचारा, तो उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच सांगेल. भित्तीपत्रकावर पहिली ओळ हीच टाका, की सहा ऋतूंच्या हिशेबात चैत्र वसंताचा, पण विदर्भात तो उन्हाळ्याचा पहिला महिना आहे.

आता तारीख. महिन्याची नावे पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून पडली. चैत्रात ते नक्षत्र चित्रा. हे फळ्यावर शिकवू नका, दाखवा. चैत्री पौर्णिमेला रात्री आठ-नऊ वाजता मुलांना गच्चीवर किंवा मैदानात उभे करा. सप्तर्षींच्या शेपटीची जी कमान आहे ती तशीच पुढे वाढवत नेली की नारिंगी झाक असलेली ठळक स्वाती लागते, आणि तीच कमान आणखी पुढे नेली की निळसर पांढरी चित्रा. पूर्ण चंद्र तिच्याच आसपास दिसतो. अगदी खेटून नसेल, एखादा हात इकडे-तिकडे.

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सूर्याचे ३६५ चे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते, म्हणून पाडवा मागे सरकतो. आणि तूट महिनाभराची होत आली की अधिक महिना घालून तो पुन्हा पुढे आणतात. २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला, २०२६ साली १९ मार्चला. खुंटी एकच: ज्या चांद्र महिन्यात सूर्य मेष राशीत शिरतो तो चैत्र. मेष संक्रांत येते १३-१४ एप्रिलच्या सुमारास. त्यामुळे पाडवा मार्चात असो की एप्रिलात, १४ एप्रिल जवळपास नेहमीच चैत्रात सापडतो. म्हणजे आंबेडकर जयंती चैत्रातली. आपल्या भागातल्या कित्येक गावांत वर्षातला सर्वात मोठा दिवस तोच. निळे तोरण, पंचशील ध्वज, रात्रीची मिरवणूक, दुसऱ्या दिवशीचे भोजनदान. ‘आपला चैत्र’ म्हणायचे आणि १४ एप्रिल बाहेर ठेवायचा, असे करू नका. त्याच आठवड्यात ११ एप्रिलची महात्मा फुले जयंती आहे. ३० एप्रिलला तुकडोजी महाराजांचा जन्मदिवस येतो. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला त्यांचा जन्म झाला आणि गावोगावची गुरुदेव सेवा मंडळे तो दिवस ग्रामजयंती म्हणून पाळतात. पाडवा लवकर आलेल्या वर्षी हा दिवस वैशाखात जातो, एवढे ध्यानात ठेवा.

गोंदिया-भंडाऱ्याकडचे पाहुणे असतील तर तारखेवरून वाद होतो, तोही सांगून ठेवतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. होळीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे फाल्गुन वद्य लागते, त्यांच्याकडे चैत्र लागतो. शुक्ल पक्ष मात्र दोघांचा एकच, त्यामुळे रामनवमी आणि हनुमान जयंती दोघांकडे त्याच दिवशी. भारत सरकारचाही एक चैत्र आहे. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला. आकाशवाणीवर ही तारीख कानावर पडते, गावात ती कुणी वापरत नाही.

शालिवाहन शकाची सुरुवात इसवी सन ७८ ची. कुंभाराच्या पोराने मातीचे सैनिक केले आणि त्यांत प्राण फुंकून शकांना हरवले, ही कथा मुलांना जरूर सांगा, गोष्ट म्हणून फार चांगली आहे. इतिहास म्हणून सांगायचे तर हा शक शक-कुषाण राजवटीत सुरू झाला आणि शालिवाहनाचे नाव त्याला बऱ्याच शतकांनी जोडले गेले. राम अयोध्येला परतला तो दिवस पाडव्याचा, असेही म्हणतात. मग दसऱ्याला रावण मारून दिवाळीला राम घरी आला ही दुसरी गोष्ट कुठे ठेवायची, हे कुणी सांगत नाही. सण आधीपासून असतो आणि त्याच्या कथा मागाहून येऊन चिकटतात. प्रत्येक पिढी आपली एक चिकटवते.

गुढीचेही तसेच. काठी उभारून तिला वस्त्र आणि माळा घालण्याची रीत फार जुनी. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसू राजाला इंद्राने वेळूची काठी दिली, ती त्याने जमिनीत रोवून पुजली आणि पुढे राजे तसे करू लागले, अशी कथा आहे. मराठीत यायचे तर गुढी ज्ञानेश्वरीत आहे, लीळाचरित्रात आहे. लीळाचरित्र तर आपल्याच भागातले, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केलेले. आणि बुलडाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा ज्यांचे जन्मगाव मानले जाते त्या चोखोबांचा अभंग सगळ्या वारकऱ्यांना पाठ आहे: ‘टाळी वाजवावी गुढी उभारावी, वाट हे चालावी पंढरीची’. चोखोबा गेले १३३८ साली.

आता त्या मुलाचे. संभाजीराजांचा वध झाला ११ मार्च १६८९ ला, त्या दिवशी फाल्गुन अमावास्या होती आणि दुसरा दिवस पाडव्याचा. तिथीचा हा मेळ खरा आहे, आणि मन कळवळावे असाच आहे. पण त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी वेशीबाहेर ठेवलेला एक माणूस आनंदाने गुढी उभारा म्हणतो आहे. म्हणजे ती रीत १६८९ नंतर कुणी मुद्दाम काढली, हे टिकत नाही. चोखोबांच्या ओळीत पाडवा नाही, तेवढे प्रामाणिकपणे मुलाला सांगा. गुढी ही आनंदाची, विजयाची खूण होती आणि ती कधीही उभारत, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. तांब्या पालथा का, तर काठीच्या टोकावर तो सुलटा बसत नाही. त्यात अशुभ शोधायला जाऊ नये. राजांच्या आठवणीने कुणी गुढीऐवजी भगवा ध्वज लावतो, काही घरी त्या दिवशी गोड करत नाहीत. ज्याचे त्याने ठरवावे. पोराला रागवू नका, दोन्ही सनावळ्या शेजारी शेजारी लिहायला लावा, वजाबाकी त्याची त्याला करू द्या.

गुढीवर जे जे असते ते त्या पंधरवड्यात हाताशी असणारे आहे, हे मुलांना अंगणातच दाखवता येईल. वेळूची काठी तेल लावून पुसलेली. घरातले नवे लुगडे किंवा खण. निंबाची डहाळी, कारण याच दिवसांत निंबाला तांबूस कोवळी पालवी आणि बारीक पांढरा फुलोरा येतो. आंब्याचा टहाळा. आणि गाठी, म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या साखरेच्या पदकांची माळ. बाकी घरातलेच आहे. चटणी कोवळ्या पाल्याची आणि फुलांची करतात; गूळ, चिंच, ओवा, मीठ, थोडे तिखट आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. वसंतात कफ वाढतो म्हणून कडू-तुरट खावे हे आयुर्वेदात आहे, पण वर्षातून एकदा बोटभर चटणी चाटली म्हणजे रक्त शुद्ध झाले असे नाही. मुले तोंड वाकडे करतात, मोठे हसतात, त्यातच तिचा निम्मा सण असतो. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाकडे, जिथे घरात तेलुगू बोलतात, तिथे हाच दिवस उगादी. निंबाची फुले, चिंच, गूळ, कैरी, मीठ आणि तिखट यांची पचडी करतात. एकाच विदर्भात दोन्ही चालते.

गाठीचे विदर्भात जरा जास्तच आहे. पुण्या-मुंबईकडे ती गुढीवर दिसते. आपल्याकडे होळीपासूनच बाजारात टोपल्या भरून येतात, लहान लेकरांच्या गळ्यात घालतात, भाच्यांना मामाकडून गाठी जाते, नव्या व्याह्यांकडे पाठवावी लागते, आणि ती किती मोठी होती यावर दोन घरांत वर्षभर बोलणी होतात. करणे कष्टाचे आहे. साखरेचा पाक उकळत असताना दुधाचा शिंतोडा देऊन मळी वर आणायची आणि काढून टाकायची. लाकडी साचे पाण्यात भिजवलेले हवेत, नाहीतर साखर धरून बसते. साच्याच्या खाचेत दोरा ताणून ठेवायचा, पाक ओतायचा, निवला की साचा उघडायचा आणि आख्खी माळ दोऱ्यासकट उचलायची. पाक कच्चा राहिला तर पदक पाझरते, पुढे गेला तर उचलताना तडकते. भट्टीसमोर, मार्चच्या उन्हात, पहाटेपासून. तुमच्या तालुक्याच्या गावी असे एखादे घर अजून असेल. मुलांना तिथे न्या, आणि पाक ओतताना नेऊ नका, साचे उघडताना न्या.

पण विदर्भाच्या पाडव्याची खरी ओळख गुढीत नाही, सालात आहे. सालगडी म्हणजे एका शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी राहणारा माणूस, आणि त्याचे साल पाडव्याला सुरू होऊन पुढच्या पाडव्याला संपते. होळी झाली की पारावर एकच चौकशी असते: ‘औंदा साल कोनाचं धरलं?’ बोलणी होतात ती रकमेची, आणि रकमेएवढीच बारीकसारीक गोष्टींची. धान्य किती पोती, ज्वारी की गहू. कपड्यांचे जोड किती. चपला, घोंगडे, कंदिलाच्या काळी रॉकेल, आता मोबाइलचा रिचार्ज. रात्री ओलिताला जायचे की नाही, आणि वीज रात्रीच येते म्हटल्यावर त्याचे वेगळे काही आहे का. पोळ्याला सुट्टी, पोरीच्या लग्नाला उचल. ठरले की इसार हातावर ठेवायचा, पान-सुपारी द्यायची. कागद कुणी करत नाही. इसार घेतला की दुसऱ्याने जास्त देऊ केले तरी जायचे नाही, आणि मालकानेही फिरायचे नाही.

पाडव्याच्या सकाळी नवा गडी येतो. त्याला पुरणाच्या पोळीचे जेवण. नांगर-वखराला हळदकुंकू, बैलांना ओवाळणे, आणि वावरात जाऊन नांगराची पाच तासं, म्हणजे पाच ओळी, काढायची म्हणजे साल लागले. जुना गडी त्याच दिवशी गोठ्याच्या चाव्या, दोर, पराण्या मोजून देतो. त्या दिवशी हिशेब बसला तर दोघे एकमेकांना वर्षभर रामराम घालतात. न बसला तर गावाला आठवडाभर विषय.

याला गोड करून मांडू नका. उचल फिटली नाही की त्याच मालकाकडे पुढचे साल, मग त्याच्यापुढचे. अशी माणसे प्रत्येक गावात होऊन गेली आणि त्यातली बहुतेक भूमिहीन घरांतली. आता गडी मिळत नाही, सालाची रक्कम लाखाच्या पुढे गेली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि पुष्कळ ठिकाणी साल मोडून महिन्यावर किंवा रोजावर काम चालते. भाव ठरवण्याची वेळ आता गड्याकडे आली आहे, आणि मालक लोक पारावर त्याची कुरकुर करतात. मुलांना घरी जाऊन एवढेच विचारायला सांगा, की आपल्या घरात कुणी साल धरले होते का, किंवा कुणी गडी ठेवला होता का. एकाच वर्गात दोन्ही बाजूंची नातवंडे बसलेली असतील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जपून विचारा, पण विचारा.

या दिवसाला साल का लागते? कारण शेत तेव्हा मोकळे असते. तूर, हरभरा, गहू घरात आलेला. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचलेल्या. पेरणीला अजून अडीच-तीन महिने. नांगरट, वखरणी, शेणखताच्या बंड्या टाकणे, धुरे सावरणे, ही सगळी उन्हाळवाही इथून पुढची. पैशाचाही एक हिशेब याच सुमारास पडतो: सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज लागत नाही. त्यामुळे पाडव्याच्या आगेमागे घराघरात एकीकडे सणाची खरेदी आणि दुसरीकडे कर्जाचा नवा-जुना, म्हणजे जुने फेडून नवे उचलणे, हे चालूच असते. तलाठ्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला, बँकेचे १ एप्रिलला, गड्याचे पाडव्याला. शेतकऱ्याला तिन्ही सांभाळावी लागतात.

पाणपोईचे विसरू नका. चैत्र प्रतिपदेपासून पाणी पाजण्याचे व्रत धर्मग्रंथांनी सांगितले आहे, त्याला प्रपादान म्हणतात, आणि हे एक व्रत असे की विदर्भाच्या उन्हाने ते जिवंत ठेवले. निंबाखाली वाळूवर मांडलेले रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले लाल फडके, वर वगराळे. पाणी देणाऱ्याची जात कुणी विचारायची नाही आणि घेणाऱ्याचीही, असे आज आपण म्हणतो. जुन्या पाणपोयांवर तसे नव्हते. तेही मुलांनी आजोबांकडून ऐकलेले बरे.

जत्रांचा पसारा मोठा, म्हणून नुसता फिरवून आणतो. रामनवमीला शेगावला दिंड्या पायी जातात; गजानन महाराजांच्या हयातीपासून तिथला हा मोठा उत्सव. त्याच नवमीला आमच्या जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवीला बंजारा समाज देशभरातून येतो, तिथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. तुमच्या यवतमाळातल्या तांड्यांवरची मुले याबद्दल माझ्यापेक्षा चांगले लिहितील, त्यांनाच लिहू द्या, आणि गोरबोलीत लिहिले तर मराठी करू नका. चंद्रपूरला महाकालीची यात्रा चैत्राच्या शुद्ध पक्षात भरून पौर्णिमेला संपते. देऊळ गोंड राणी हिराईचे म्हणतात आणि भाविक मोठ्या संख्येने नांदेडकडून, मराठवाड्यातून येतात. झरपट नदीत अंघोळ करून ओलेत्याने देवीकडे. नागपूरजवळ कोराडीला चैत्र नवरात्र. महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीची, आणि कारंजा-शिरपूर भागात तिचे महत्त्व मोठे. हनुमान जयंतीला गावोगाव सप्त्याची समाप्ती, काला आणि गावजेवण. रोडगे त्याच दिवशी खावेत: जाडसर कणकेत ओवा-मीठ घालून, घड्या घालून गोळे वळायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, भाजले की राख झटकून मोकळे करायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी, एवढी तिखट की नाकातून पाणी यावे.

पूर्वेकडे, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात, चैत्र म्हणजे मोह. पहाटे अंधार असतानाच फुले टपटपायला लागतात आणि ऊन चढेपर्यंत पडत राहतात. फिक्या पिवळ्या रसाळ फुलांनी झाडाखालची जमीन भरून जाते. बायका-मुले टोपल्या घेऊन जातात, आणून अंगणात वाळत घालतात, दोन-चार दिवसांत ती तपकिरी होतात. तोच उन्हाळ्याचा पैसा. माडिया गोंडांत पंडुम, म्हणजे नव्या फळा-फुलाचा सण, झाल्याशिवाय नवे फळ-फूल तोंडात घालत नाहीत. पहिले देवाचे, मग माणसाचे. यात धोकाही आहे. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून वणवे लागतात. आणि मोहाला अस्वलही येते, वाघाच्या भागात तर पहाटे वाकून फुले वेचणाऱ्या बाईवर दरवर्षी संकट. मोहानंतर चारोळी, तेंदूपत्ता. गुढीची काठी तिथलीच आहे, हेही सांगा. बांबू तोडून विकण्याचा हक्क गावाला मिळायला किती झगडावे लागले ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने दाखवले: २००९ साली सामूहिक वनहक्क आणि २०११ साली स्वतः बांबू विकण्याची मोकळीक. ज्या घरात काठी पन्नास-शंभराला विकत आणतात त्यांना हे माहीत असलेले बरे.

चित्र काढायला काही हवे असेल तर चैत्रांगण घ्या. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेला उठते; त्या महिन्यात अंगण शेणाने सारवून पांढऱ्या रांगोळीने तिचे अंगण रेखतात. मधे मखरातली गौर, भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, तुळशी वृंदावन, गोपद्मे, नाग, कासव, हत्ती, आंबा, आरसा, करंडा, फणी. मोजली तर पन्नासेक चिन्हे भरतात. देवाची आयुधे आणि बाईची फणी एका ओळीत येतात, म्हणून मला ते आवडते. कैरीची डाळ आणि पन्हे त्याच हळदीकुंकवाचे. खेड्यात हे मोजक्या वाड्यांत होते आणि आहे; सगळ्या गावाची परंपरा म्हणून लिहू नका, ‘काही घरांत’ असे लिहा.

शेवटी पावसाचे, कारण पारावर पंचांग ऐकायला लोक येतात ते त्यासाठीच. वर्षाचा राजा ठरतो पाडव्याच्या वारावरून, मंत्री मेष संक्रांतीच्या वारावरून. नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा, हे सूर्य आणि चंद्राच्या नक्षत्रांतले अंतर मोजून, नऊने भागून उरलेल्या बाकीवरून. गणित सोपे आहे आणि सगळ्या महाराष्ट्राला एकच लागू. आमच्या गावात एका धुऱ्यावर पाऊस पडतो आणि पलीकडच्यावर नाही, त्याचे उत्तर त्यात नाही. मी वाचतो, लोक ऐकतात, आणि बियाणे घ्यायला निघताना मलाच विचारतात की हवामान खात्याने काय सांगितले. भेंडवळची घटमांडणी मुलांनी आणली असेलच. ती बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी, म्हणजे वैशाखात. शेतात घट मांडून भोवती अठरा धान्ये ठेवतात, रात्रभरात काय हलले ते पाहून पहाटे भाकीत सांगतात. विवेकवादी मंडळी दरवर्षी त्यावर हरकत घेतात. भित्तीपत्रकाच्या कोपऱ्यात चार ओळी द्यायला हरकत नाही. त्याच्या शेजारी चार रकान्यांचा एक तक्ता आखा: पंचांगातला पाऊस, भेंडवळचा पाऊस, आणि हवामान खात्याचा पहिला अंदाज, तो एप्रिलच्या मध्याला येतो. चौथा रकाना रिकामा ठेवा. पत्र्याचा एक डबा आणि मोजपट्टी घेऊन सातवीच्या मुलांना जूनपासून शाळेच्या अंगणातला पाऊस मोजायला लावा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तो रकाना त्यांच्याकडून भरून घ्या.